गाळल्यानंतर घालायचं औषध

हान काळातले चिनी वैद्य झांग झोंगजिंग यांच्या ‘शांगहान लुन’ या ग्रंथात दोन काढे असे आहेत की त्यांची सामग्री शेजारी शेजारी लिहिली तर पाच ओळी जशाच्या तशा जुळतात. दालचिनीच्या कोवळ्या फांद्या तीन ल्यांग (ल्यांग हे जुनं चिनी वजन), पिओनी या फुलझाडाची मुळं सहा ल्यांग, परतलेला ज्येष्ठमध दोन ल्यांग, ओलं आलं तीन ल्यांग, लाल बोरं बारा. पाणीही तेवढंच, सात शंग. आटवून तीन शंगांवर आणायचं. पहिला काढा तापात चुकून जुलाब दिल्यामुळे ज्याचं पोट फुगलंय आणि मधूनमधून दुखतंय त्याच्यासाठी. दुसरा मात्र थकून, खंगून गेलेल्या माणसासाठी. त्याच्या पोटात आतून ओढ लागते, छाती धडधडते, नाकातून रक्त येतं, हातपाय ठणकतात, तळहात आणि तळपाय गरम होतात, घसा कोरडा पडतो. ही दुसरी यादी त्यांच्याच लेखणीतून उतरलेल्या ‘जिनग्वे याओल्युए’ या ग्रंथात सापडते.

दोन रोगी इतके वेगळे, आणि काढ्यांत फरक फक्त सहाव्या ओळीचा. दुसऱ्या काढ्यात एक शंग यीथांग आहे. यीथांग म्हणजे मोड आलेल्या धान्यापासून केलेली साखर, जिला आपण माल्टोज म्हणून ओळखतो. हान काळातला एक शंग साधारण २०० मिलिलिटरचा. म्हणजे चवीपुरती चमचाभर साखर नव्हे, भरपूर. सहाही वस्तूंत ती मापानं सगळ्यांत ठसठशीत. तिच्यामुळे काढ्याचं नाव बदलतं, रोगी बदलतो, वैद्याच्या मनातला हेतू बदलतो. नाव होतं ‘शियाओ जियानझोंग थांग’, शरीराचा मधला भाग उभा करणारा छोटा काढा. मधला भाग म्हणजे जठर आणि प्लीहा, जिथे अन्नाचं बळ होतं असं चिनी वैद्यक मानतं.

औषध कडूच असतं आणि गोड घालतात ते घशाखाली उतरावं म्हणून, हा समज आपल्यात पक्का आहे. मलाही औषधं बाळपणी तशीच मिळाली. म्हणून हा काढा पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याच्या कृतीवर मी अडून राहिले. पाच वस्तू उकळायच्या, चोथा गाळून टाकायचा आणि मग त्या गाळलेल्या पाण्यात यीथांग घालून मंद आचेवर विरघळवायची. कोमट प्यायचा, एका वेळी एक शंग, दिवसातून तीनदा. साखर चोथ्याबरोबर उकळायची नाही, भांड्यालाही लागू द्यायची नाही. सगळ्यात शेवटी, सांभाळून. इतकी निगुतीची सूचना वैद्य मिठाईसाठी लिहीत नाही.

झांग झोंगजिंग नानयांगचे, म्हणजे आजच्या हनान प्रांतातले. ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलंय की त्यांच्या कुळात दोनशेहून अधिक माणसं होती. इसवी सन १९६ मध्ये ज्यान-आन कालखंड सुरू झाल्यावर दहा वर्षंही पुरती झाली नाहीत तोवर त्यांतली दोन तृतीयांश गेली, आणि गेलेल्या दहांपैकी सात जण थंडीच्या तापानं. ज्यानं घरातली एवढी माणसं मरताना पाहिली तो माणूस जोरकस औषधं लिहितोच. त्यांच्या ग्रंथात बचनागाच्या जातीची औषधं आहेत, जुलाबाची आहेत, घाम काढणारी आहेत. पण त्याच हातानं त्यांनी हा गोड काढाही लिहिला. ज्याच्या अंगात जोरकस औषध सोसण्याचंही बळ उरलेलं नाही, त्याला आधी अन्नाच्या जवळचं काहीतरी द्यायचं, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या मते त्यांच्या वैद्यकातली सगळ्यात मोठी समज इथे आहे, आणि ती एका साखरेत आहे.

गोड चव प्लीहेकडे जाते, आणि जिथे ओढ, ताण, आकडी आहे तिथे ती सैल करते, असा विचार त्याआधीच्या ‘सूवेन’ या चिनी वैद्यकग्रंथात आहे. ‘यकृताला ताण सोसवत नाही, तेव्हा गोड खाऊन तो सोडवावा’ अशा अर्थाचं वाक्य तिथे येतं. छोट्या काढ्यात पिओनी आणि ज्येष्ठमध पोटातला पीळ सोडवतात, दालचिनी आणि आलं ऊब देतात, आणि यीथांग या दोघांना धरून ठेवते. ती पोसतेही आणि सैलही करते. आज चीनमध्ये हा काढा रिकाम्या पोटी दुखणाऱ्या, दाबल्यावर आणि खाल्ल्यावर बरं वाटणाऱ्या पोटासाठी देतात, जठरातल्या जुन्या व्रणांसाठीही देतात. पाठ्यपुस्तकांत यीथांगचं प्रमाण साधारण ३० ग्रॅम असतं. हान काळापेक्षा पुष्कळ कमी, तरी बाकी बहुतेक वस्तूंपेक्षा जास्त.

मी तोक्योत राहते, निशी-कासाईच्या बाजूला. नवऱ्याच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा घरी सोडताना डॉक्टरांनी चांदीच्या रंगाची लहान पाकिटं दिली. प्रत्येकावर १०० हा आकडा. पोट पुन्हा हलायला लागावं, आतडं अडू नये म्हणून जेवणाआधी घ्यायची. औषधवाल्या बाईंनी कागद समोर ठेवून सगळं समजावलं: हे ‘दाइकेनच्यूतो’, म्हणजे झांग झोंगजिंग यांचाच मोठा काढा, दाण्यांच्या रूपात. दिवसाचा डोस १५ ग्रॅम. त्यात सुंठीची एक प्रक्रिया केलेली जात, जिनसेंग आणि सान्शो यांचा वाळवलेला अर्क १.२५ ग्रॅम, आणि तब्बल १० ग्रॅम माल्टसाखर. मी तो आकडा दोनदा वाचला.

पहिलं पाकीट कोमट पाण्यात घालून मी त्याला दिलं. फिकट दाणे लगेच विरघळले. एक घोट घेऊन तो म्हणाला, “अगं, गोड आहे.” मग थोडा थांबून, “नाही, थांब. तिरफळ आहे यात.” मी चाखून पाहिलं. आधी गोड, मग आल्याची जळजळ, आणि नंतर जिभेच्या टोकाला ती ओळखीची मुंगी. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ ठेचून घालतो तेव्हा येते तीच. सान्शो, चीनमधलं हुआज्याओ आणि आपलं तिरफळ तिघंही एकाच वनस्पतिकुळातली, एकाच प्रजातीतली भावंडं. वेंगुर्ल्याला सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तिरफळ पोटाला बरं असतंच गो. पण साखर कशाला त्यात?” तो प्रश्न मला पुढे कितीतरी दिवस पुरला.

मोठ्या काढ्याचं मूळ वर्णन वाचलं तर त्या प्रश्नाचं उत्तर सापडायला लागतं. छातीत आणि पोटात गारठ्याची भयंकर कळ, ओकाऱ्या, खाणंपिणं बंद. पोटातून काहीतरी वर उसळतं, कातडी वर येते, जणू त्याला डोकं आणि पाय आहेत असं दिसतं. हातही लावू देत नाही. अडलेल्या आतड्याचे पीळ पोटावर वळवळताना दिसतात, त्याचं इतकं अचूक चित्र अठराशे वर्षांपूर्वी कुणी काढलं असेल, असं मला वाटलं नव्हतं. या रोग्याला सुंठ, मिरीसारखं तिखट हुआज्याओ आणि जिनसेंग द्यायचं. चोथा गाळल्यावर एक शंग यीथांग घालून दीड शंगावर आटवायचं. एक भाग पाजायचा. मग भात शिजायला लागेल एवढ्या वेळानं पेज प्यायला द्यायची, दोन शंग. नंतर उरलेलं औषध. दिवसभर पेजेवरच ठेवायचं आणि अंगावर पांघरूण घालून ऊब धरायची.

तिखट वस्तू आतड्याला जागं करतात, पण उपाशी, पिळवटलेल्या पोटाला नुसतं जागं करून भागत नाही. त्याला काहीतरी धरायला लागतं. साखर आणि पेज ते देतात. जपानमध्ये १९७६ पासून चिनी परंपरेतल्या काढ्यांची ही औषधं मोठ्या संख्येनं सरकारी आरोग्यविम्यात आली. दाइकेनच्यूतो आज तिथल्या रुग्णालयांत सगळ्यात जास्त लिहून दिल्या जाणाऱ्या अशा औषधांपैकी एक आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये निरोगी माणसांना देऊन पचनमार्गातला अन्नाचा प्रवास मोजला गेला. सान्शोतलं सान्शूल आणि सुंठीतलं शोगाओल आतड्याच्या मज्जातंतूंवर कसं काम करतं, रक्तप्रवाह कसा वाढतो, यावर भरपूर लिहिलंय. दहा ग्रॅम साखरेबद्दल मात्र त्या मानानं फार थोडं. मला ते खटकतं. ज्या वस्तूनं मूळ ग्रंथात दोन काढे वेगळे पडतात, तिला पाकिटात भर घालणारी पूड समजणं हा तिच्यावर अन्याय आहे.

ही साखर करतात कशी, हे चिनी लोकांनी फार बारकाईनं लिहून ठेवलंय. सहाव्या शतकात उत्तर वेई राज्यातल्या जिया सिशिए यांच्या शेतीच्या ग्रंथात, ‘छीमिन याओशू’मध्ये, पूर्ण कृती आहे. आठव्या महिन्यात गहू भिजत घालायचे, पाणी उपसायचं, उन्हात ठेवायचे, रोज एकदा पाणी. मुळं फुटली की चटईवर दोन बोटं जाड पसरायचे. पांढरी साखर हवी तर कोंब पांढरे असतानाच वाळवायचे. काळी हवी तर कोंब हिरवे होऊन त्यांची पोळी बांधली जाईपर्यंत थांबायचं आणि सुरीनं कापून वाळवायचं. अंबरासारखा रंग हवा तर गव्हाऐवजी जव घ्यायचे. मोडांचं पाच शंग पीठ एक दान, म्हणजे शंभर शंग, तांदळाला पुरतं. शिजवलेला भात जरा निवू द्यायचा, पीठ मिसळायचं, भांड्याला गोधड्या गुंडाळायच्या. थंडीत पूर्ण दिवस, उन्हाळ्यात अर्धा. मग गरम पाणी ओतून खालच्या भोकातून गोड रस काढायचा आणि आटवायचा. आटवताना एका माणसानं सतत पळीनं ढवळत राहायचं. हात थांबला की साखर काळी पडते.

तो हात थांबला की काळी पडते, हे मी स्वतः पाहिलंय. नवरा बरा झाल्यावर हिवाळ्यात मी गव्हाला मोड आणले, वाळवले, मिक्सरला फिरवले. मोची या जपानी पदार्थासाठी वापरतात तो चिकट तांदूळ शिजवला आणि जरा कोमट झाल्यावर पीठ घालून राइस कुकर नुसता गरम ठेवण्यावर लावला. तासाभरात झाकण उघडलं तर चिकट गोळा पातळ झाला होता, चमच्यानं ढवळला तर पाण्यासारखा वाहत होता. मोडांतले एन्झाइम साठ-पासष्ट अंशांच्या आसपास स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून दोन-दोन ग्लुकोजचे जोड करतात, तेच माल्टोज. त्याहून जास्त तापवलं तर एन्झाइम मरतात. पायां आणि पर्सो यांनी फ्रान्समध्ये १८३३ मध्ये मोडांच्या अर्कातून हे एन्झाइम वेगळं काढलं तेव्हा चीनमधल्या बायका कित्येक शतकं गोधड्यांनी तापमान सांभाळत होत्या.

आपल्याकडे मोडाच्या नाचणीचं सत्त्व बाळाला देतो, त्यामागे हेच काम चालतं. मोडाचं थोडंसं पीठ घातलं की घट्ट खीर पातळ होते आणि बाळाच्या पोटात जास्त अन्न जातं. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात यावर चांगलं संशोधन झालंय. पण आपण सत्त्वावर थांबलो. रस गाळून, आटवून त्यातून साखर काढण्याची गरजच पडली नाही, कारण इथे ऊस होता. चीनच्या उत्तरेत गोडीसाठी मुख्यतः मध आणि यीथांग. इसवी सन ६४७ मध्ये थांग सम्राट ताइझोंग यांनी साखर गाळण्याची रीत शिकायला मगधाला माणसं पाठवली. त्यानंतर उसाची साखर चीनभर पसरली, मिठायांत शिरली. तरी काढ्यात यीथांगच राहिली.

त्यातही कुठली, हे ताओ होंगजिंग यांनी सन ५०० च्या सुमाराला स्पष्ट केलंय: औषधात घ्यायची ती ओली, घट्ट मधासारखी, घट्ट होऊन कडक झालेली किंवा ओढून पांढरी केलेली औषधात चालत नाही. ही पांढरी कडक साखर बाराव्या चांद्र महिन्याच्या तेविसाव्या किंवा चोविसाव्या दिवशी चुलीच्या देवाला देतात, त्यानं स्वर्गात घराबद्दल गोड बोलावं म्हणून. ओली मऊ रोग्याची आणि म्हाताऱ्यांची. हान काळातल्या मा राजमातेचे शब्द इतिहासात नोंदलेले आहेत: आता मी तोंडात यी धरून नातवंडांशी खेळेन, राज्यकारभारात लक्ष घालणार नाही. ‘ह्वाइनानझ’मध्ये लिउश्या हुई नावाचा सज्जन यी पाहून म्हणतो, यानं वृद्धांना पोसता येईल, तर झी नावाचा दरोडेखोर म्हणतो, दाराच्या अडसराला लावता येईल. मला या गोष्टीत पहिल्या माणसाची नजर महत्त्वाची वाटते. ज्याला दात नाहीत, भूक नाही, त्याच्या तोंडात जाईल असं अन्न त्याला दिसलं.

ली शिझेन यांच्या १५९६ मध्ये छापलेल्या ‘बेनत्साओ गांगमू’मध्ये यीथांगची पानं भरलेली आहेत. घशात माशाचा काटा अडकला तर गोळा करून गिळायचा. चुकून नाणं किंवा केसांची पिन गिळली तर हळूहळू एक जिन, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडी जास्त, यीथांग खायची. औषध जास्त झालं, जीव घाबरला तर द्यायची. बचनागाच्या जातीच्या विषावर उतारा म्हणूनही नोंद आहे. आज कुणी त्यावर विसंबू नये, तडक रुग्णालय गाठावं. कोरड्या खोकल्याला मुळ्याचा रस आणि यीथांग वाफवून गरमागरम चाटायला देण्याची रीत चीनमध्ये घरोघर आहे. जपानमध्येही मुळ्याच्या चकत्यांवर माल्टसाखर ओतून सुटलेलं पाणी पितात. हे मी करते, मुलीला आवडतं, आणि खोकल्याच्या रात्री त्यानं घसा ओलावतो.

मोडांचा वापर साखरेपुरता नाही. नुसते परतलेले जवाचे मोड जड पिठूळ जेवण पचायला देतात; करपवलेले मोड, चिनी रानफळ आणि आंबवलेलं खमीर ही त्रयी तर प्रत्येक चिनी औषधालयात मिळते. परतलेले मोड मोठ्या प्रमाणात दिले तर आईचं दूध आटतं. म्हणून पाजणाऱ्या बाईनं ते सहज म्हणून घेऊ नयेत.

गोड औषध कुणाला द्यायचं नाही, हेही झांग झोंगजिंग यांनीच लिहून ठेवलंय. ज्याला वारंवार ओकाऱ्या होतात त्याला हा छोटा काढा देऊ नये, कारण तो गोड आहे. ली शिझेन यादी लांबवतात: पोट भरून फुगलेलं, मळमळ, बद्धकोष्ठ, किडके दात, लाल डोळे, लहान मुलांचं कुपोषणाचं दुखणं, यांत यीथांग कफ वाढवते आणि दाह पेटवते. हाच काढा आजही कधी यीथांगशिवाय बांधतात, कधी तिच्या जागी साधी साखर. ज्यांना तो लिहून मिळतो त्यांनी यीथांग आहे की नाही हे विचारावं असं मला वाटतं, आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर आधीच विचारावं. माल्टोज तोंडाला उसाच्या साखरेपेक्षा बरंच कमी गोड लागतं, पण रक्तातली साखर ते ग्लुकोजच्या बरोबरीनं वाढवतं. चव कमी म्हणून ते निरुपद्रवी नाही.

नवऱ्याचं पोट सुधारलं तेव्हा वेंगुर्ल्याहून सासऱ्यांचा फोन आला. “माका पण ती पाकिटं पाठव गो, पोट साफ होत नाय हल्ली.” त्यांना मधुमेह आहे, आणि त्यांचं पोट कुणी तपासलेलंच नव्हतं. “बाबा, हे तुम्हाला नाही चालणार,” मी म्हटलं, आणि साखरेचं कारण सांगितलं. आधी तिथल्या डॉक्टरांकडून पोट बघून घ्या, त्यांना जुनी औषधंही दाखवा, असं विनवलं. सासूबाईंनी मागून विचारलं, “मग तिरफळ?” तिरफळ बांगड्यात घाला, म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात ते दोघं डॉक्टरांकडे जाऊन आले.